आसफ अली असगर फैझी

आसफ अली असगर फैझी (१० एप्रिल १८९९, माथेरान – २३ ऑक्टोबर १९८१, मुंबई) हे भारतीय कायदेपंडित, अरबीचे व्यासंगी आणि इस्लामी विचारांचे संशोधक होते.

जीवन

फैझींचा जन्म सुलेमानी बोहरा कुटुंबात झाला. मुंबईतील शिक्षणानंतर त्यांनी केंब्रिज येथे अरबी व फारसीचा अभ्यास केला. मुंबई उच्च न्यायालयात वकिली केल्यावर १९३८ ते १९४७ या काळात ते मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य होते. त्यांच्यापूर्वी हे पद डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भूषवले होते. पुढे ते इजिप्तमध्ये भारताचे राजदूत (१९४९–५१) आणि जम्मू-काश्मीर विद्यापीठाचे कुलगुरू (१९५७–६०) झाले. १९६२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले.

विचार

'आउटलाइन्स ऑफ मुहम्मदन लॉ' (१९४९) हा त्यांचा ग्रंथ विधी शाखेचे विद्यार्थी व न्यायालये आजही वापरतात. भारतीय न्यायालयांत लागू होणारा मुस्लिम कायदा म्हणजे संपूर्ण शरियत नव्हे, इंग्रजी अमलात न्यायनिर्णयांनी व अधिनियमांनी त्याला निराळे वळण दिले, हे त्यांनी दाखवले. 'अ मॉडर्न अप्रोच टू इस्लाम' (१९६३) मध्ये ते याच्याही पुढे गेले. धर्माचा गाभा शाश्वत आहे, कायदा मात्र समाजाबरोबर बदलतो. म्हणून दोहोंची फारकत करावी, असे त्यांनी प्रतिपादले. शरियतीत श्रद्धा व विधी अभिन्न मानणाऱ्या परंपरेला ही मांडणी मानवणारी नव्हती. मात्र फैझी बाहेरून टीका करणारे नव्हते. मूळ अरबी ग्रंथांवरील प्रभुत्वामुळे आणि स्वतःच्या श्रद्धेमुळे त्यांचा युक्तिवाद सहज डावलता येत नाही.

संशोधन

दहाव्या शतकातील काझी नुमान यांचा 'दआइमुल इस्लाम' हा फातिमी राजवटीचा प्रमाण विधिग्रंथ होता. ती राजवट लयाला गेल्यावर बोहरा समाजाने तो हस्तलिखितांत जपला. परंतु अशी हस्तलिखिते बहुधा खासगी संग्रहांत राहिली. फैझींनी त्यांवरून अरबी संहिता संपादित केली. ती कैरोत १९५१ व १९६० मध्ये दोन खंडांत प्रकाशित झाली. कैरो हे फातिम्यांनीच वसवलेले शहर, हा योग विलक्षणच म्हणावा लागेल. आपला इस्माइली हस्तलिखितांचा संग्रह फैझींनी मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयास दिला. 'दआइम'चा त्यांनी केलेला इंग्रजी अनुवाद इस्माइल पूनावाला यांनी सुधारून व टिपा जोडून २००२ आणि २००४ मध्ये प्रसिद्ध केला.