मृदा उतारांचे धूपसंरक्षण

टेकड्यांचे नैसर्गिक उतार, तसेच रस्ते, लोहमार्ग व धरणे यांसाठी केलेल्या भरावांच्या आणि खोदाईच्या बाजू यांवरील माती पावसाने व वाहत्या पाण्याने निघून जाऊ नये म्हणून योजिलेल्या उपायांना धूपसंरक्षण म्हणतात. पावसाचा थेंब उघड्या मातीवर आदळला की तिचे कण सुटे होतात व पृष्ठभागावरून वाहणारे पाणी ते खाली नेते. प्रथम पातळ थर जातो, मग बारीक ओघळी पडतात व त्या वाढून घळी होतात. उतार कोसळणे ही याहून वेगळी क्रिया आहे. तीत पाणी खोल मुरते, कणांमधील पाण्याचा दाब वाढतो, मातीचे कर्तनबल घटते आणि सबंध राशी घसरते. या दोन क्रियांतील भेद व त्यांमागील समान कारण, म्हणजे पाणी, यांचे आकलन हाच या विषयाच्या इतिहासाचा गाभा होय.

पुणे जिल्ह्यातील मावळ तालुका या दृष्टीने उद्‌बोधक आहे. घाटमाथ्यावरील लोणावळा-खंडाळा परिसरात वर्षाकाठी ४,००० मिमी.हून अधिक पाऊस पडतो व तो बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. पूर्वेस पवनेच्या खोऱ्यातील परंदवडी, सोमाटणे या गावांकडे येताना त्याचे मान झपाट्याने उतरते. तळाशी बेसाल्ट खडक, त्यावर मुरूम व माती अशी सर्वसाधारण रचना आढळते. येथील शेतकऱ्याने उतार पायऱ्यापायऱ्यांनी तोडून भातखाचरे केली, ओढ्यांच्या मुखांशी दगडी ताली रचल्या, बांधांवर गवत राखले आणि जादा पाण्याला ठरलेल्या जागी वाट दिली. उताराची लांबी कमी करणे, पाण्याचा वेग मोडणे व पृष्ठभाग झाकणे ही आधुनिक संकल्पनाची तिन्ही तत्त्वे या व्यवस्थेत होती.

बोरघाटातून १८३० मध्ये चाकाच्या गाड्यांचा रस्ता खुला झाला. त्यानंतर ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने घाटातून लोहमार्ग काढला. मुख्य अभियंता जेम्स बर्कली यांच्या योजनेनुसार १८५६ मध्ये काम सुरू झाले व २१ एप्रिल १८६३ रोजी मार्गाचे उद्‌घाटन झाले. सु. २५ किमी. अंतरात हा मार्ग सु. ५५८ मी. चढतो, सर्वांत तीव्र चढ ३७ स १ असा आहे. पंचवीस बोगदे, उंच पूल, खोल खोदाई आणि मोठे भराव यांमुळे डोंगराचे युगानुयुगे स्थिरावलेले उतार प्रथमच मोठ्या प्रमाणावर उघडे पडले. त्या काळचे मुख्य उपाय म्हणजे दगडी धारक भिंती, दगडी पिचिंग आणि खोदाईच्या माथ्यावरून पाणी वळविणारी गटारे. पावसाळी गस्त व सुटे दगड हेरून ते आधीच पाडणारी ‘हिल गँग’ ही घाटातील रेल्वेची व्यवस्था आजही चालू आहे.

विसाव्या शतकात अनुभवाला शास्त्राची जोड मिळाली. कार्ल टेर्झागी यांच्या १९२५ मधील ग्रंथाने मृदायामिकीचा पाया घातला व पाण्याच्या दाबाचा मातीच्या बलाशी असलेला संबंध स्पष्ट झाला. मुंबई प्रांतात १९४२ च्या जमीन सुधारणा योजना कायद्याने बांधबंदिस्तीला कायदेशीर आधार दिला. अमेरिकेत विशमायर व स्मिथ यांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या समीकरणात पाऊस, मातीचा प्रकार, उताराची लांबी व तीव्रता, आच्छादन आणि संरक्षक उपाय हे घटक एकत्र आले. त्यानुसार बऱ्यापैकी तीव्र उताराची लांबी दुप्पट झाली, तर दर एकक क्षेत्रामागे होणारी धूप सु. १.४ पट होते. उंच भरावात मधूनमधून सपाट पायऱ्या ठेवण्याचे कारण हेच. भारतीय रोड काँग्रेसने भरावांच्या उतारांविषयीची आपली शिफारस १९७४ मध्ये प्रसिद्ध केली व २०११ मध्ये ती सुधारली.

संकल्पनात पुढील क्रम पाळला जातो : प्रथम मातीची व भूजलाची तपासणी आणि कोसळण्याविरुद्ध उताराच्या स्थैर्याचे गणित, नंतर माथ्यावरील, पायऱ्यांवरील व पायथ्याची गटारे, आणि शेवटी पृष्ठभागाचे आच्छादन. गवत रुजेपर्यंत ज्यूटची किंवा काथ्याची जाळी माती धरून ठेवते व पुढे स्वतः कुजून जाते. वाळ्याची मुळे खोल व दाट असल्याने समपातळीवर लावलेल्या त्याच्या रांगा गाळ अडवितात. पायथ्याशी प्रवाहाचा मारा असल्यास तारेच्या जाळीत दगड भरून केलेल्या पेट्या उपयोगी पडतात. त्यांच्या मागे भूवस्त्र, म्हणजे पाणी जाऊ देणारे पण माती अडविणारे कृत्रिम धाग्यांचे कापड, घालतात. धारक भिंतीला पाझरछिद्रे नसतील, तर मागे साचलेले पाणीच ती ढकलून देते.

आच्छादनाच्या मर्यादा अलीकडील घटनांनी दाखवून दिल्या. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर पावसाने भिजलेला डोंगरउतार कोसळून दीडशेहून अधिक माणसे दगावली. घसरणारी राशी खोल असेल, तर वरचे गवत ती रोखू शकत नाही. २००२ मध्ये पूर्ण झालेल्या मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर जुलै २०१५ मध्ये आडोशी बोगद्याजवळ दरड कोसळून दोघांचा मृत्यू झाला. त्यानंतर घाटातील धोक्याच्या उतारांवरील सुटे खडक काढून पोलादी जाळ्या बसविण्यात आल्या. तरीही जुलै २०२३ मध्ये त्याच परिसरात पुन्हा दरड आली. कोकण रेल्वेवर जून २००३ मध्ये वैभववाडीजवळ झालेल्या अपघातानंतर खोदाईचे उतार सौम्य करण्यावर व पावसाळ्यात गाड्यांचा वेग मर्यादित ठेवण्यावर भर देण्यात आला.

सपाटीवरील बुटक्या भरावाला दाट गवत व नीट बांधलेले गटार बहुधा पुरते. घाटातील खोल खोदाईस स्थैर्याचे स्वतंत्र संकल्पन लागते. दोन्ही ठिकाणी देखभाल मात्र सारखीच आवश्यक असते. माथ्यावरचे गटार गाळाने भरले की त्यातील पाणी नेमके त्याच उतारावर सांडते, ज्याच्या रक्षणासाठी ते बांधले होते. म्हणून मृगाच्या पावसापूर्वी गटारे मोकळी करणे, हे या शास्त्रातील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत अधिक दुर्लक्षिले जाणारे काम आहे.