नागपूरची ज्योती आमगे

आमच्या चिटणीसबाईंनी यंदाच्या स्मरणिकेसाठी "एखाद्या नामवंत स्त्रीची माहिती लिहून द्या" असा आग्रह धरला, तेव्हा मनात आलेले नाव मी त्यांना लगेच सांगितले नाही. त्या हसल्या असत्या. नागपूरची ज्योती आमगे उंचीने अवघी ६२.८ सेंटिमीटर, म्हणजे दोन फुटांहून जेमतेम पाऊण इंच अधिक. तिची हकीकत सांगण्याआधी माझीच एक गोष्ट सांगितली पाहिजे.

लहानपणी आम्ही घरची सगळी मंडळी माळेगावच्या जत्रेला गेलो होतो. खंडोबाचे दर्शन झाले, घोड्यांचा बाजार पाहिला आणि रात्री सर्कशीच्या तंबूत शिरलो. तिथे एक बुटका जोकर होता. तो पडे, मार खाई, पुन्हा उठे, आणि आम्ही पोट धरून हसत होतो. माझ्या मते ते एक खट्याळ पोर होते. दुसऱ्या दिवशी सकाळी आई गाडीजवळ तीन दगडांच्या चुलीवर भाकरी थापीत होती. मागून भरड्या, थकलेल्या आवाजात कोणी म्हणाले, "अक्का, इस्तू हाय का?" पाहते तो कालचाच जोकर! तोंडाचा रंग निघालेला, मिशीत पांढरे केस आणि हातात विडी. मी घाबरून आईच्या पाठीमागे लपले. आईने मात्र पदर सावरला, "घ्या की भाऊ," म्हणून निखारा पुढे केला. तो भाऊ होता, हे मला तेव्हा कळले.

आपल्या मराठी माणसाला सर्कस काही परकी नाही. विष्णुपंत छत्र्यांनी १८८० साली मुंबईत आपली सर्कस उभी केली, तोच हिंदुस्थानी सर्कशीचा आरंभ. या तंबूंनी बुटक्या माणसांना पोटापुरते काम दिले, पण ते हसण्याचेच. सिनेमानेही तोच कित्ता गिरवला. 'मेरा नाम जोकर' (१९७०) पाहताना आपण राज कपूरसाठी डोळे पुसले. त्याच्या अवतीभवती वावरणारे बुटके जोकर कोण, कुठले, हे आपल्यापैकी किती जणींनी विचारले?

अमेरिकेत याहून बरे होते असे नाही. 'विझर्ड ऑफ ऑझ' (१९३९) या गाजलेल्या चित्रपटात एक सबंध गाव बुटक्या लोकांचे आहे. त्यासाठी शंभराहून अधिक बुटकी स्त्रीपुरुष मंडळी जमवली होती. त्यांना आठवड्याला ५० डॉलर आणि चित्रपटातल्या कुत्रीला १२५ डॉलर मिळत, असे नेहमी सांगितले जाते. पडद्यावर त्यांची स्वतःची नावे आली नाहीत. त्यांना आणणाऱ्या सिंगर नावाच्या व्यवस्थापकाच्या नावाने सगळ्यांचा एकच उल्लेख झाला. हॉलिवूडच्या पदपथावर त्यांच्या मानाचा तारा बसला तो २००७ साली. तोवर बहुतेक जण निवर्तले होते.

आता ज्योती. तिचा जन्म १६ डिसेंबर १९९३ चा, नागपूरचा. हाडांच्या जन्मजात विकाराने उंची खुंटली. तरी आईवडिलांनी तिला घरात दडवून ठेवले नाही. ती चारचौघींसारखी शाळेत गेली, तिथे तिच्या मापाचे छोटे बाक होते. अठरावा वाढदिवस आला तो १६ डिसेंबर २०११ रोजी. डॉक्टरांनी चोवीस तासांत तीन वेळा उंची मोजली, कारण दिवसभरात माणसाची उंची किंचित कमीजास्त होते. मग गिनेसने तिला जगातली सर्वांत ठेंगणी हयात स्त्री म्हणून जाहीर केले. मापे घेऊन मिळालेल्या कीर्तीत काय मोठेसे, असे कोणी म्हणेल. मलाही तसेच वाटे.

पण २०१४ साली 'अमेरिकन हॉरर स्टोरी' या मालिकेच्या 'फ्रीक शो' भागात तिने काम केले. कथा १९५२ सालच्या फ्लोरिडातली, विचित्र देहाची माणसे दाखवणाऱ्या फिरत्या खेळाची. तिची भूमिका 'मा पेतीत' म्हणजे 'माझी चिमुकली' हिची. सगळे तिला बाहुलीसारखे उचलून घेतात आणि शेवटी तिचा खून होतो. भूमिका पुन्हा जत्रेतलीच मिळाली, हे मला खटकले. परंतु जेसिका लँगसारख्या नामांकित नटीसमोर ती उभी राहिली आणि तिचे नाव तिच्याच नावाने पडद्यावर आले. ते काम करताना आमची ही 'चिमुकली' वीस वर्षांची होती.

एप्रिल २०१९ मध्ये आणि पुन्हा १९ एप्रिल २०२४ रोजी तिने नागपुरात मतदान केले. शाई लावलेले बोट दाखवणारी तिची छायाचित्रे वर्तमानपत्रांतून आली. मला ती फार आवडली. त्यांत तिला कोणी बाहुली म्हणण्याची सोय नव्हती.

नोव्हेंबर २०२४ मध्ये ती लंडनला गेली. तिथे तुर्कस्तानची रुमेसा गेल्गी, २१५.१६ सेंटिमीटर उंचीची, जगातली सर्वांत उंच स्त्री, तिला चहाला भेटली. उंचीतल्या अंतरामुळे एकमेकींच्या नजरेला नजर देणे कठीण जात होते, असे रुमेसाने सांगितले. तरी दोघींच्या गप्पा रंगल्या, त्या दागिन्यांच्या, नखे रंगवण्याच्या, नटण्यामुरडण्याच्या. आपल्या हळदीकुंकवाला तरी याहून वेगळे काय चालते!