दुष्काळ, बहिष्कार आणि 'मंडळी' : जालन्याजवळील बेथेल वसाहतीचा सामाजिक अन्वयार्थ

प्रस्तावना

मराठी प्रॉटेस्टंट ख्रिस्ती समाजात स्थानिक चर्चसाठी 'मंडळी' हा शब्द रूढ आहे. 'घरची मंडळी', 'आपली मंडळी' असे म्हणताना मराठी माणसाच्या मनात जे नाते असते, त्याच नात्याचा हा शब्द आहे. एकोणिसाव्या शतकातील मराठवाड्यातील धर्मांतरांचा विचार बहुधा धर्मोपदेश किंवा प्रलोभन या दोनच अंगांनी होतो. संकटात सापडलेल्या माणसाला या मंडळीत नेमके काय मिळाले, याचा विचार प्रस्तुत लेखात जालन्याजवळील बेथेल या ख्रिस्ती वसाहतीच्या आधारे केला आहे. जालना १९८१ मध्ये स्वतंत्र जिल्हा झाला. तत्पूर्वी तो औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) जिल्ह्याचा भाग होता.

पार्श्वभूमी

बेथेलचे संस्थापक रेव्ह. नारायण शेषाद्री हे जन्माने ब्राह्मण. १८४३ मध्ये मुंबईत स्कॉटिश मिशनरी रॉबर्ट नेस्बिट यांच्या सहवासात त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत हा अल्पवयीन असल्याने न्यायालयाच्या आदेशाने वडिलांच्या ताब्यात देण्यात आला. तथापि मिशनऱ्यांच्या घरी राहिलेल्या या मुलाला ज्ञातीत परत घ्यावे की नाही, यावर मोठे वादळ उठले. बाळशास्त्री जांभेकरांनी प्रायश्चित्त देऊन त्यास शुद्ध करून घेण्याचा पक्ष उचलला आणि त्यासाठी सनातन्यांचा रोष पत्करला. बालकाचे परतणेही जेथे इतके दुष्कर होते, तेथे प्रौढ धर्मांतरिताच्या वाट्याला येणाऱ्या एकाकीपणाची कल्पना करता येते. घर, पंगत, सोयरीक, अंत्यविधीला येणारे खांदेकरी हे सारे एका दिवसात तुटत असे.

ब्रिटिश मुलखात १८५० च्या २१ व्या कायद्याने धर्मांतरिताचा वारसाहक्क तरी अबाधित ठेवला होता. जालना व औरंगाबाद हा प्रदेश मात्र निजामाच्या राज्यात, लोकभाषेत 'मोगलाईत', मोडत असल्याने त्या कायद्याचे संरक्षण येथे नव्हते.

बेथेलची स्थापना

शेषाद्रींचे जालन्यातील कार्य १८६० नंतरच्या दशकात सुरू झाले. त्यांच्याकडे आलेले लोक प्रामुख्याने मांग व महार समाजातील होते. या समाजांचा निर्वाह बलुत्यावर होता. दोर वळणे, वेसकरकी, मेलेली गुरे ओढणे या कामांच्या मोबदल्यात सुगीचे धान्य व दारोदारची भाकर मिळत असे. गावगाड्याशी संबंध बिघडला की ही भाकर बंद होई. म्हणजे ब्राह्मण धर्मांतरिताचा आप्तवर्ग सुटे, तर मांग-महार धर्मांतरिताच्या उपजीविकेवरच गदा येई. केवळ उपदेशाने वा सांत्वनाने या दुसऱ्या संकटावर उपाय होणे शक्य नव्हते. त्यासाठी जमीनच हवी होती.

हे ओळखण्यात शेषाद्रींची खरी दूरदृष्टी दिसते. निजामाचे दिवाण सालारजंग पहिले यांनी दिलेल्या जमिनीवर १८७० च्या सुमारास बेथेल वसले. 'देवाचे घर' हा त्या हिब्रू नावाचा अर्थ. एका मुसलमान संस्थानाच्या दिवाणाने ब्राह्मण कुळातील ख्रिस्ती पाळकाला अस्पृश्यांच्या वसाहतीसाठी जमीन द्यावी, ही घटना मराठवाड्याच्या सामाजिक इतिहासात अधिक लक्ष वेधून घेण्याजोगी आहे. वसाहतीसाठी शेषाद्रींनी परदेशांतूनही साहाय्य मिळवले. १८७३ मध्ये न्यूयॉर्क येथे भरलेल्या इव्हँजेलिकल अलायन्सच्या परिषदेत ते उपस्थित होते.

दुष्काळाची कसोटी

पुढे लवकरच १८७६-७८ चा दुष्काळ दख्खनवर कोसळला. जालन्यापर्यंत तेव्हा रेल्वे नव्हती. ती शतक संपताना आली. धान्य बैलगाड्यांवर अवलंबून आणि बैल चाऱ्यावाचून मरत होते. अशा काळी बलुत्याची व्यवस्था सर्वप्रथम कोलमडते, कारण कुणब्याच्या खळ्यातच धान्य नसते. गावाच्या कडेला राहणारा सर्वांत आधी उपाशी पडतो. ज्यांच्यापाशी स्वतःची जमीन आणि पाठीशी मंडळी होती, त्यांची स्थिती तुलनेने वेगळी होती.

या काळातील धर्मांतरितांवर 'पोटासाठी बाटले' हा आक्षेप घेतला गेला, आणि तो सर्वस्वी निराधार नव्हता; भुकेने आलेल्यांच्या श्रद्धेविषयी मिशनऱ्यांनाही शंका असत. परंतु या आक्षेपात पोटाची भूक तेवढीच गृहीत धरली आहे. धान्यवाटप दुष्काळाबरोबर संपते. मराठवाड्यातील ख्रिस्ती मंडळ्या त्यानंतरही टिकून राहिल्या. प्रभुभोजनाच्या विधीत एकच भाकर मोडून सर्वांनी घ्यावयाची असते. ज्याच्या ओंजळीत वरून पाणी ओतले जाई, त्याच्यासाठी पूर्वाश्रमीच्या ब्राह्मणाच्या हातून ती भाकर घेणे ही दुष्काळी मदतीपेक्षा निराळी गोष्ट होती.

आधाराच्या मर्यादा

तथापि या आधाराचे चित्र केवळ उजळ रंगांत रंगवणे इतिहासाला धरून होणार नाही. मिशनच्या वसाहतीत जमिनीची व्यवस्था, शाळा, तंटानिवारण आणि उपासना यांची सूत्रे बव्हंशी पाळकाच्याच हाती असत. मद्यपान किंवा जुन्या देवांची पूजा यांबद्दल सभासदास प्रभुभोजनातून वगळता येई, आणि ज्याला दुसरी भावकीच उरली नव्हती त्याला ही शिक्षा जड जाई. जातही वेशीबाहेर राहिली नाही. मराठी ख्रिस्ती समाजात महार व मांग कुळांमधील सोयरीक दीर्घकाळ विरळच होती. एकत्र उपासना शक्य झाली, लग्नाचा मांडव मात्र वेगळा राहिला.

१८९१ मध्ये परदेश प्रवासात शेषाद्रींचे निधन झाले. पुढे १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता मर्यादित केला. १९५६ मध्ये शिखांचा आणि १९९० मध्ये बौद्धांचा त्यात समावेश झाला, ख्रिस्ती वगळलेलेच राहिले. बेथेलसारख्या वसाहतींमध्ये ज्यांच्या पणजोबांनी जातीपायी मंडळीचा आसरा घेतला, त्यांच्या वंशजांना जातीच्या दाखल्याच्या खिडकीशी तोच जुना प्रश्न उलट्या बाजूने विचारला जाऊ लागला.