पेटीचा तळ बघून घ्या

ऑक्टोबर १९२१. उजाडायला अजून थोडा वेळ आहे आणि रुळांवर दंव पांढरं दिसतंय. तुम्ही व्हर्जिनियाच्या मालधक्क्यावर उभे आहात. हे व्हर्जिनिया राज्य नव्हे. अमेरिकेच्या उत्तर टोकाला मिनेसोटा राज्यात मेसाबी नावाचा लोखंडाच्या खाणींचा पट्टा आहे, त्यातलं हे गाव. बुटांना चिकटलेली माती कोकणातल्यासारखी लाल दिसते, पण ती खनिजाची धूळ आहे आणि इथल्या बायकांचा निम्मा जन्म ती कपड्यांतून काढण्यात जातो.

समोर एकच पिवळट लाकडी मालडबा उभा आहे. कॅलिफोर्नियातल्या लोडायहून निघून तो सिएरा नेवाडाचा घाट चढला, वाळवंटातून आला, मैदानं ओलांडून इथवर पोचला. डब्याच्या दोन्ही टोकांना बर्फाचे खण आहेत आणि वाटेत ठिकठिकाणी ते पुन्हा भरले गेलेत. आता त्यातून पाणी ठिबकतंय. आत बारा-तेरा टन द्राक्षं आहेत. दार सरकतं आणि आधी वास येतो, गोड आणि जड. त्याच्या तळाशी किंचित आंबूसपणा आहे. तो आंबूसपणा नीट लक्षात ठेवा, थोड्या वेळाने त्याचीच परीक्षा आहे.

भोवती हातगाड्या, घोडागाड्या, एखादी फोर्ड. गर्दीत इटालियन आहेत, स्लोव्हेन आहेत, क्रोएट आहेत. रस्त्यापलीकडून फिनिश मंडळी मान वळवून जातात; त्यांच्यातल्या अनेकांच्या इथे दारूबंदी मंडळ्या आहेत, सभागृहं आहेत. आणि कोपऱ्यावर एक पोलीस उभा आहे. तुमचा हात नकळत खिशाकडे जातो, कारण तुम्हाला माहीत आहे की १७ जानेवारी १९२० पासून या देशात दारू करणं, विकणं, नेणं-आणणं सगळं बंद आहे. पोलीस मात्र जांभई देतो.

त्याने काय करावं? द्राक्षं हे फळ आहे. फळ विकण्यावर बंदी नाही. शिवाय ही दारूबंदी अमलात आणणाऱ्या व्होल्स्टेड कायद्याच्या २९व्या कलमात एक फट आहे: घरच्या वापरापुरता सायडर आणि फळांचा रस करायला मुभा, फक्त तो ‘मादक नसावा’. इतर सगळ्या पेयांना अर्धा टक्का अल्कोहोलची मर्यादा घातली, पण या घरगुती रसाला आकडाच घातला नाही. मादक आहे हे सिद्ध करायचं तर ते सरकारनेच करायचं. ही सवलत ठेवली ती सफरचंदाचा रस पिंपात भरून ठेवणाऱ्या शेतकऱ्यांची मर्जी राखायला. पण तिचा खरा फायदा घेतला या खाणकामगारांनी. कुटुंबामागे वर्षाला २०० गॅलन, म्हणजे साधारण ७५७ लिटर. मुळात करमाफीसाठी असलेली ही मर्यादा इथे कमाल राहिली नाही, ती अनेक घरांचं उद्दिष्ट झाली.

हा माल पाठवणाऱ्या माणसाचं नाव चेझारे मोंडावी. इटलीतल्या मार्के भागातून आलेला, इथेच दुकानदारी करणारा. दारूबंदी आली तेव्हा गावच्या इटालियन क्लबाने त्यालाच द्राक्षं आणायला कॅलिफोर्नियात धाडलं. क्लबाने निवड बरी केली. तिकडे सुगीत गेलेल्या परक्या गिऱ्हाइकाच्या गळ्यात दलाल काय बांधतील याचा भरवसा नसतो. घरचा माणूस बागेत उभा राहून तोडणी बघतो.

पण घरचा माणूस असला तरी पेटी बघून घ्यायची असते. तुमच्यासोबतच्या म्हातारीचं नेमकं तेच चाललंय. डोक्याला काळा रुमाल, बाहीत दुमडलेल्या नोटा. तिच्या घरी खाणीतले गडी जेवायला-राहायला आहेत, त्यामुळे वर्षभराच्या वाइनचा हिशेब तिच्या डोक्यात पक्का आहे. तुम्ही वरच्या पेटीतला टपोरा घड उचलता. ती तुमच्या हातावर चापट मारते.

‘‘ते डोळ्यांसाठी मांडलंय. पेटी उचल. खालून बघ.’’

तुम्ही उचलता. तेवीस-चोवीस पौंडांवर फळ आणि लाकडाचं वजन वेगळं. तळाच्या फळ्यांमधून रस गळून चिकट झालाय. ती बोट लावते, वास घेते, मान हलवते आणि पेटी परत ठेवायला लावते. गळालेला रस ताजा असेल तर चालतो, कारण मणी शेवटी फोडायचेच असतात. त्याला शिरक्याचा वास आला असेल तर ती पेटी फुकटही घेऊ नये. एका पेटीतला शिरका अख्खं पिंप घालवतो.

मग घड. देठ हिरवट-तपकिरी आणि लवचिक हवा. पार काळा पडून मोडत असेल तर माल वाटेत रखडला आहे. घडाच्या पोटात बोट घालून बघायचं. ही द्राक्षं झिनफांडेल जातीची. साल पातळ, घड गच्च, त्यामुळे बाहेरून ठणठणीत दिसणाऱ्या घडाच्या आत राखाडी बुरशी बसलेली असते. या जातीचा आणखी एक तऱ्हेवाईकपणा म्हणजे ती सारखी पिकत नाही. एकाच घडात पुरते पिकलेले, बेदाण्यासारखे सुकलेले आणि अजून पाणी न उतरलेले हिरवे मणी शेजारी शेजारी. नाशिकचा बागायतदार असा घड पाहून कपाळाला हात लावील. म्हातारी मात्र खूश आहे. सुकलेल्यांची गोडी, हिरव्यांचा आंबटपणा, दोन्ही तिला हवेत. ती मणी चावते, बी दातांखाली फोडते. बी तपकिरी आणि कुरकुरीत. ‘‘ही घे. हीसुद्धा.’’

पलीकडच्या थप्पीपाशी जास्त झुंबड आहे. तिथे अलिकांत बुशे आहे. मणी चिरडून बघा. इतर बहुतेक काळ्या द्राक्षांचा गर पांढुरका असतो, रंग सालीत. याचा गरच लाल. बोटं रंगतात आणि संध्याकाळपर्यंत तशीच राहतात. साल जाड, म्हणून आठवडा-दीड आठवड्याचा प्रवास याला बाधत नाही. रंग इतका गडद की रस गाळून उरलेल्या चोथ्यावर साखर-पाणी घालून दुसऱ्यांदा वाइन काढली तरी ती लालच दिसते. चव? बेताची. सुगंध? फारसा नाही. भाव मात्र सगळ्यात चढा.

म्हातारी तिथून थोड्याच पेट्या घेते, रंगापुरत्या. वासासाठी थोडी मस्कत जातीची द्राक्षं. लालसर, टपोरी, देखणी टोकाय द्राक्षं स्वस्तात मिळतायत, पण ती तिकडे बघतही नाही. ती खायची द्राक्षं. पिंपात घातली की ना धड आंबटपणा, ना अंग.

हिशेब असा. एका गॅलनला बारा ते चौदा पौंड द्राक्षं लागतात. २०० गॅलन गाठायचे तर सव्वा टनाच्या आसपास, म्हणजे शंभराच्या घरात पेट्या. सगळेच एवढं घेत नाहीत. भाव तुम्ही विचारत नाही तेच बरं. बंदीपूर्वी टनाला दहा-वीस डॉलर मिळाले तरी कॅलिफोर्नियातले शेतकरी विकत असत. बंदीने आपण बुडणार म्हणून काहींनी वेली उपटल्याही. आणि झालं उलटंच: भाव कैक पटींनी वर गेले. दारूबंदी करणाऱ्यांनी द्राक्षबागांना जेवढे पैसे मिळवून दिले तेवढे कुठल्याही दारूवाल्याने दिले नसतील.

गाडी घरी पोचते. तळघरात हाताने फिरवायच्या दोन रुळांच्या यंत्रातून घड चिरडले जातात आणि उघड्या तोंडाच्या पिंपात पडतात. यीस्ट कुणी घालत नाही; सालीवर आणि यंत्रा-पिंपांवर असतं त्यावर काम भागतं. मिनेसोटाच्या थंडीत ते सुस्तावतं, म्हणून पिंप शेगडीजवळ ठेवायचं. एक-दोन दिवसांत फसफस सुरू होते, साली वर येऊन जाड थर धरतात. तो थर सकाळ-संध्याकाळ दांड्याने खाली दाबला नाही तर वरून शिरका होतो. तळघरात उतरताना म्हातारी पुढे मेणबत्ती धरते. ज्योत मिणमिणली की माघारी फिरायचं, कारण आंबताना निघणारा कार्बन डायऑक्साइड जमिनीलगत साचतो आणि माणूस जागीच कोसळतो. आठवडाभराने चोथा दाबून रस लाकडी पिंपात, आणि मग वाट बघणं.

तुम्हाला पुढचं माहीत आहे, त्यामुळे जीभ वळवळते. दोन-एक वर्षांत मोंडावी कुटुंबासह लोडायला कायमचा जाईल. त्याचा आठ वर्षांचा मुलगा रॉबर्ट आत्ता याच गावात आहे; तिकडे गेल्यावर तो सुट्टीत याच पेट्यांना खिळे ठोकेल आणि १९६६ मध्ये नापा खोऱ्यात स्वतःची वायनरी काढेल. चढ्या दराच्या लोभाने शेतकरी एवढी लागवड करतील की दशकाच्या मध्याला बाजार कोसळेल आणि डबेच्या डबे रुळांवर सडतील. हे धक्क्यावर सांगून उपयोग नाही. तेजीत कुणी ऐकत नाही, आपल्याकडच्या कांद्यालाही नाही.

पण एक गोष्ट मला खरोखर खटकते. चांगल्या वाइनच्या नाजूक जातींवर शेतकऱ्यांनी अलिकांतची कलमं केली, कारण बागेचा मालक आता वाइन करणारा उरला नव्हता. रेल्वेचा डबा होता. जे प्रवासात टिकतं ते लावायचं. १९३३ मध्ये बंदी उठली तेव्हा वायनऱ्यांना मिळाली ती ही जाड सालीची द्राक्षं, आणि कॅलिफोर्नियाची वाइन सावरायला पुढे काही दशकं गेली. बंदीने दारू थांबली नाही, चव मात्र बिघडली. म्हातारीला हे कुणी शिकवलं नव्हतं, तरी तिने अलिकांत रंगापुरतंच घेतलं, हे विसरू नका.

आता परत या. अमेरिकेत दोन प्रौढांच्या घराला वर्षाला २०० गॅलन वाइन करायची मुभा आजही आहे. महाराष्ट्रात नाशिकला वायनऱ्या आहेत आणि दुकानात बाटली राजरोस मिळते. मात्र १९४९ च्या महाराष्ट्र (पूर्वीच्या मुंबई) दारूबंदी कायद्यानुसार इथे मद्य तयार करायला परवाना लागतो, घरच्या एका बाटलीसाठीसुद्धा. तेव्हा फेब्रुवारीत बाजारात जाल तेव्हा द्राक्षं खाण्यासाठीच घ्या. पेटी मात्र उचलून खालून बघा.