जुळी गावे (इंग्लंड-फ्रान्स)

इंग्लंडमधील एखादे गाव आणि फ्रान्समधील एखादे गाव यांनी स्वेच्छेने जोडलेला कायमचा स्नेहसंबंध. फ्रेंचमध्ये त्यास ‘झ्युमलाझ’ म्हणतात. दोन्ही भाषांत लिहिलेल्या सनदेवर सह्या करायच्या, वेशीवरच्या पाटीवर जोडगावाचे नाव लिहायचे आणि एक वर्षी इकडच्यांनी तिकडे, पुढच्या वर्षी तिकडच्यांनी इकडे जायचे, असे त्याचे सर्वसाधारण स्वरूप असते. सनदेमुळे कोणावर कायदेशीर बंधन येत नाही. संबंध टिकतो तो पाहुण्यांना घरात उतरवून घेणाऱ्या कुटुंबांमुळे.

पूर्वपीठिका : पहिल्या महायुद्धात उत्तर फ्रान्समधील शेकडो गावे बेचिराख झाली. त्यांच्या मदतीसाठी १९२० साली ‘ब्रिटिश लीग ऑफ हेल्प’ ही संस्था निघाली आणि तिच्यामार्फत अनेक ब्रिटिश शहरांनी फ्रेंच गावे दत्तक घेतली. शेफील्डने बापोम, तर बर्मिंगहॅमने आल्बेर घेतले. यॉर्कशरमधील कीथली या लोकरीच्या गिरण्यांच्या शहराने त्याच वर्षी प्वा-द्यु-नोर हे गाव दत्तक घेतले. या जोडीला इंग्लंड-फ्रान्समधील पहिली जुळी जोडी म्हणण्याचा प्रघात आहे. तो तितकासा काटेकोर नाही, कारण दत्तकविधानात एक देणारा आणि दुसरा घेणारा होता, तर जुळ्या गावांत दोघांचा मान बरोबरीचा असतो.

बरोबरीची ही कल्पना दुसऱ्या महायुद्धानंतर रुजली. १९५० मध्ये फ्रान्समधील मोंबेल्यार आणि जर्मनीतील लुडविग्सबुर्ग यांचे नाते जुळले. मोंबेल्यारचे महापौर ल्यूसिआँ थारादँ हे स्वतः बूखेनवाल्ड छळछावणीतून वाचलेले होते. १९५१ मध्ये जिनीव्हा येथे युरोपीय नगरपालिकांची परिषद स्थापन झाली आणि तिने ही चळवळ उचलून धरली. फ्रेंच-जर्मन जोड्यांमागे वैर मिटवण्याची निकड होती. इंग्रज आणि फ्रेंच युद्धात एकाच बाजूला लढले होते, त्यामुळे त्यांच्या जोड्यांना तेवढे गंभीर निमित्त नव्हते. मुलांनी एकमेकांची भाषा शिकावी आणि परदेश स्वस्तात पाहावा, ही त्यांची प्रेरणा बरीच व्यावहारिक होती. यॉर्क-दिजाँ (१९५३) आणि एक्सिटर-रेन (१९५६) या शहरांच्या जोड्या आधी झाल्या. खेडी त्यांच्या मागोमाग आली.

डेव्हन आणि काल्व्हादोस : इंग्लंडच्या नैर्ऋत्येकडील डेव्हन परगणा आणि नॉर्मंडीतील काल्व्हादोस विभाग यांच्यात १९७१ मध्ये संबंध जुळला. दोन्ही मुलूख गायीगुरांचे, सफरचंदांचे आणि साय-लोण्याचे असल्याने त्यांच्या छत्राखाली गावागावांच्या जोड्या भराभर लागल्या. त्यांत टॉटनेस-व्हीर, हॉनिटन-मेझिदों, बॅम्प्टन-व्हिलेर-बोकाज या जोड्या येतात. नॉर्मंडीतल्या जोड्यांच्या मुळाशी एक अवघड आठवण आहे. जून १९४४ मध्ये जर्मन रणगाड्यांची वाट अडवण्यासाठी अडीचशेहून अधिक ब्रिटिश विमानांनी व्हिलेर-बोकाजवर बॉम्ब टाकले आणि हे बाजाराचे गाव जवळपास नामशेष झाले. ज्यांनी सोडवले त्यांनीच गाव पाडले होते, आणि पुढे त्याच देशातले लोक पाहुणे म्हणून पुन्हा बांधलेल्या घरांत उतरू लागले. इंग्लंड-फ्रान्स जोड्यांत समेटाला काही जागा असेल, तर ती इथे.

कारभार : दोन्ही बाजू कागदावर समान असल्या तरी प्रत्यक्षात नसतात. फ्रान्समध्ये सुमारे ३५,००० कम्यून आहेत आणि शंभर वस्तीच्या कम्यूनलाही निवडून आलेला महापौर असतो. तो लग्ने लावतो, बांधकामाचे परवाने देतो आणि समारंभाला तिरंगी पट्टा लावून येतो. इंग्लंडमधल्या पॅरिश कौन्सिलच्या हाती मात्र खेळाचे मैदान, दफनभूमी, बसथांबा एवढाच कारभार. त्यामुळे फ्रेंच गावात पाहुण्यांचे स्वागत महापौर नगरगृहात वाइनचा पेला हाती देऊन करतो. इंग्लंडमध्ये तो भार स्वयंसेवी मंडळावर पडतो आणि खर्च वर्गणी, सोडती, प्रश्नमंजूषेच्या रात्री यांतून उभा करावा लागतो. फ्रेंच बाजूलाही १९०१ च्या संस्था-कायद्याखाली नोंदलेली समिती असते, पण तिच्या पाठीशी बहुधा नगरपालिकेचे अनुदान असते.

भेट साधारणतः मे महिन्यातल्या जोडसुट्टीला ठरते. बस, फेरीबोट, तीन-चार दिवसांचा मुक्काम, एखादी सहल, पेतांकचा किंवा फुटबॉलचा सामना, गायनवृंद आणि लांबत जाणारे निरोपाचे जेवण हा क्रम ठरलेला. हॉटेलात उतरणे शिष्टसंमत मानत नाहीत, आणि ते योग्यच आहे; हॉटेल आले की जुळेपण संपून पर्यटन सुरू होते.

या प्रथेची थट्टाही इंग्रजांनीच अधिक केली. रटलंडमधील व्हिटवेल या चिमुकल्या खेड्यातील पबच्या गिऱ्हाइकांनी पॅरिसचे तत्कालीन महापौर झाक शिराक यांना पत्र धाडले : अमुक तारखेपर्यंत उत्तर न आल्यास संमती धरू. उत्तर आले नाही, आणि ‘व्हिटवेल, पॅरिसचे जुळे गाव’ अशी पाटी वेशीवर लागली.

उतरण : २००४ पासून इंग्लंडच्या शाळांत चौदा वर्षांपुढे परकीय भाषा सक्तीची राहिली नाही. फ्रेंच शिकणारी मुले घटली आणि मंडळांत तरुण येईनासे झाले. काही ठिकाणी नातेच तोडले गेले; हर्टफर्डशरमधील बिशप्स स्टॉर्टफर्डने २०११ मध्ये व्हिलिए-स्युर-मार्नशी संबंध संपवला. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर संघाच्या नागरिक-कार्यक्रमांतून मिळणारे अर्थसाहाय्यही आटले. १ ऑक्टोबर २०२१ पासून राष्ट्रीय ओळखपत्रावर ब्रिटनमध्ये येण्याची सोय बहुतेक युरोपीय नागरिकांसाठी बंद झाली आणि पासपोर्ट नसलेल्या फ्रेंच कुटुंबांची पंचाईत झाली. डिसेंबर २०२३ अखेरपासून फ्रेंच शाळांच्या सहलींतील अठरा वर्षांपर्यंतच्या विद्यार्थ्यांना ओळखपत्रावर पुन्हा प्रवेश मिळू लागला. जोडगावाच्या समितीबरोबर येणाऱ्या प्रौढांना ही सवलत नाही.