पहिली धार आणि जुनी बाटली

जळगावहून सुरतेकडे जाणाऱ्या गाडीत तुम्ही बसलात, तर तासाभराच्या आत धरणगाव लागते. गाव जुने, कापडाच्या पेठेचे. शिवकाळात इंग्रजांची वखार इथे होती आणि मराठ्यांनी ती लुटलीही होती. पण आज मी तुम्हांला सांगणार आहे ती हकीकत त्यानंतर दीडशे वर्षांनी घडलेली, आणि तीही दारूच्या पेल्याभोवतीची. दचकू नका. मी काही दारूची भलामण करायला बसलेलो नाही. पण एका पेल्यातून कोण कोणाबरोबर प्याले, हाही इतिहासच असतो, आणि खानदेशात तो बराच आहे.

१८१८ साली पेशवाई बुडाली आणि खानदेश कंपनी सरकारच्या हाती गेला. पहिला कलेक्टर कॅप्टन ब्रिग्ज. त्याने धुळ्याला ठाणे केले आणि गाव वाढवले. मुलूख मिळाला खरा, पण डोंगर मिळाला नाही. घाट राखण्याचे, वाटा सांभाळण्याचे जे परंपरेचे हक्क भिल्ल नाइकांचे होते, ते या सत्तांतरात विसकटले होते. नाईक काही कंपनीला जुमानीनात. तुकड्या पाठवून झाल्या, माणसे पकडून झाली, तरी सातपुडा शांत होईना. तेव्हा गव्हर्नर एल्फिन्स्टनने वेगळा विचार केला : भिल्लांचीच एक पलटण उभारावी. हे काम १८२५ साली जेम्स औट्रम नावाच्या बावीस वर्षांच्या तरुण अधिकाऱ्यावर आले. त्या भिल्ल पलटणीचे ठाणे पुढे धरणगावला होते.

औट्रमने आधी एक छापा घातला, आणि मग तो एकटाच नाइकांबरोबर रानात गेला. पुढचे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. त्याचा मतलब असा की, सढळ हाताने ब्रँडी पाजून मी त्यांची मने जिंकली आणि पहाऱ्यावाचून त्यांच्यात राहून त्यांचा विश्वास मिळवला. सुरुवातीला जीव धोक्यात घालून त्याच्याबरोबर आले ते अवघे पाच जण.

ही हकीकत साहेबाच्या चातुर्याचा नमुना म्हणून सांगितली जाते. मला ती जरा उलट बाजूने पाहावीशी वाटते. भिल्लांच्या रीतीत सोयरीक जमली की दारू, पंचांपुढे भांडण मिटले की दारू. ती एकट्याने प्यायची वस्तू नव्हती. पानाचा द्रोण हातात आला की आधी दोन थेंब जमिनीवर सांडायचे, देवांसाठी आणि गेलेल्या वाडवडिलांसाठी. मग स्वतः प्यायचे आणि पुढच्याकडे द्यायचे. ज्याच्याबरोबर बसून प्यालो, त्याच्याशी वैर उरले नाही, असा त्याचा अर्थ. औट्रमला वाटले आपण त्यांना पाजले. त्या नाइकांना बहुधा वाटले असेल की, या गोऱ्याने आपल्या पंक्तीला बसून समेट केला. ब्रँडी परक्या मुलखाची, रीत मात्र इथलीच.

आता ही ब्रँडी ज्या मंडळींची, त्यांच्या पंक्तीकडेही वळून पाहू. इंग्रज पलटणींच्या मेसमध्ये जेवण आटोपले की पोर्ट नावाची मदिरा यायची. ती पोर्तुगालातल्या दूरू नदीच्या खोऱ्यातली. १७०३ सालच्या मेथ्युएन तहाने पोर्तुगीज मदिरेवर इंग्लंडात फ्रेंच मदिरेपेक्षा कमी जकात ठरली आणि इंग्रजांना तिची चटक लागली. द्राक्षाचा रस आंबत असतानाच त्यात द्राक्षाचीच कडक दारू, म्हणजे एक प्रकारची ब्रँडीच, ओततात. आंबणे थांबते, गोडी तशीच राहते, आणि समुद्रावरचे हेलकावेही ती सोसते. १७५६ साली पोंबाल या पोर्तुगीज मंत्र्याने त्या खोऱ्याच्या हद्दी आखून दिल्या, भेसळ होऊ नये म्हणून.

त्यातली उत्तम ती व्हिंटेज पोर्ट. एखादे साल फारच चांगले उतरले, तर त्या एकाच सालच्या द्राक्षांची ही मदिरा दोनेक वर्षांनी बाटलीत भरतात, आणि मग वीस, तीस, पन्नास वर्षे अंधारात आडवी ठेवतात. बाप साठवतो, मुलगा उघडतो. तळाशी गाळ साचलेला असतो, म्हणून हलक्या हाताने दुसऱ्या भांड्यात ओतून घ्यावी लागते. आणि गंमत ऐका : इतकी वर्षे थांबलेली ही मदिरा बूच काढल्यावर मात्र फार थांबत नाही. एकदोन दिवसांत तिचा वास उतरतो. म्हणून ती एकट्याने उघडायची नाही, असा शौकिनांचा शिरस्ताच पडला. चार जाणकार मित्र जमवायचे, साल सांगायचे, वास घ्यायचा, आणि भांडे डाव्या हाताच्या माणसाकडे सरकवायचे. ते मध्ये अडवून धरणारा असंस्कृत ठरतो.

सातपुड्यातला द्रोण आणि मेसमधले हे भांडे यांत फरक काय, सांगा पाहू? दोन्ही हातोहात फिरतात. फरक आहे तो वयाचा. मोहाची दारू मुरवत ठेवत नाहीत. फाल्गुन-चैत्रात पहाटेच्या सुमारास मोहाची मांसल, पिवळट फुले टपटप खाली पडतात. बायकापोरे ती टोपल्यांत वेचतात आणि उन्हात वाळवतात. वाळल्या फुलात निम्म्याहून अधिक साखरच असते. भाकरीचा तुटवडा पडला की तीच खातात, म्हणून तिला नुसती दारूची फुले म्हणणे अन्यायाचे आहे. दारू करायची तर ती पाण्यात काही दिवस आंबवायची, मडके चुलीवर चढवायचे, आणि नळीतून येणारी वाफ गार करून थेंब थेंब धरायची. पहिली धार सर्वांत कडक. ‘पहिल्या धारेची’ हा शब्द आपण शहरात बसून थट्टेने वापरतो, तो भट्टीवरून आलेला आहे. प्यायची ती ताजीच. इथे जुने असते ते झाड. आजोबाच्या वाट्याचा मोह नातवाकडे येतो. त्याच्या वयाचा हिशेब कोणी बाटलीवर लिहीत नाही, एवढेच.

या झाडाखाली सरकार येऊन उभे राहिले ते १८७८ साली. मुंबई इलाख्याचा अबकारी कायदा त्या वर्षी झाला. गावोगावच्या भट्ट्या मोडायच्या, सरकारी देखरेखीच्या मोठ्या भट्टीत दारू गाळायची, आणि विक्रीचा मक्ता लिलावाने द्यायचा, असे धोरण ठरले. कायद्याच्या भाषेत ही महसुलाची व्यवस्था. डोंगरात तिचा अर्थ असा झाला की, काल जी वस्तू घरच्या फुलांची करून पाहुण्याला द्यायची, ती आज मक्तेदाराच्या दुकानातून विकत आणायची. रोख नसेल तर उधारीने. घरी गाळणारा गुन्हेगार ठरला. देण्याघेण्याची रीत मोडली आणि खाते सुरू झाले. माझ्या मते खानदेशातल्या दारूच्या इतिहासातले खरे वळण हे आहे, औट्रमची ब्रँडी नव्हे.

याच खात्याला उत्तर मिळाले ते तळोदे तालुक्यातल्या मोरवडहून. तिथल्या गुलाम महाराजांनी १९३८ च्या सुमारास भिल्लांना आरतीला बोलावले. दारू सोडा, मांस सोडा, स्वच्छ राहा, एकमेकांना ‘आप’ म्हणा. लोक हजारोंनी डोंगर उतरून आले. १९३८ सालीच महाराज वारले, पण त्यांचे बंधू रामदास महाराज यांनी चळवळ पुढे चालवली. ‘आप’ या शब्दाचे महत्त्व ध्यानात घ्या. ज्यांना सावकार, मक्तेदार आणि शिपाई सारेच ‘अरे तुरे’ करत, त्यांनी आपापसांत आदरार्थी बोलायचे ठरवले. द्रोण बाजूला ठेवला, पण एकत्र बसणे सोडले नाही.

पुढे स्वराज्य आले आणि १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला. त्यात मोहाच्या फुलांच्या साठ्यावर आणि नेआणीवरही निर्बंध होते. लष्करी मेसना आणि परदेशी पाहुण्यांना मात्र सवलत होती. हा भेदभाव नव्हे काय, असा प्रश्न बलसारा खटल्यात निघाला, आणि १९५१ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या सवलती वैध ठरवल्या. कायद्याच्या तर्काने ते बरोबर असेल. मी वकील नाही. पण डाव्या हाताने फिरणाऱ्या पोर्टला मुभा आणि पळसाच्या द्रोणाला बंदी, असे चित्र उभे राहिले, ते तुम्हीच पाहा.

महाराष्ट्र सरकारने मोहफुलांवरचे निर्बंध उठवण्याचा निर्णय घेतला तो २०२१ साली. त्याच वर्षी शेजारच्या मध्य प्रदेशाने मोहाच्या दारूला ‘वारसा मद्य’ म्हणून मान्यता देण्याचे जाहीर केले. नंदुरबारला लागून असलेल्या अलीराजपुरात ती आता रीतसर बाटलीत भरली जाते, वर चिठ्ठी लावून. शौकीन तिचा वास घेऊन मते देतात. महाशिवरात्रीच्या सुमारास मात्र धडगाव, अक्कलकुव्याकडची माणसे पूर्वीसारखीच देवमोगरा मातेच्या जत्रेला निघतात आणि मोहाची पहिली धार देवीसाठी नेतात. देवमोगरा गुजरातेत आहे, आणि गुजरातेत दारूबंदी आहे.