तंतूंची तेढ आणि गिरणीतील वाफ

चैत्रात, पनवेलच्या घामट हवेत, केसांवरून कंगवा घासून कागदाचे कपटे उचलू पाहावे, तर प्रयोग बहुधा फसतो. तोच माघात घाटावर, कोरड्या हवेत केला की कपटे टुणकन उडून कंगव्याला चिकटतात. फरक किरकोळ वाटेल. परंतु मुंबईच्या गिरणी कामगाराला तो फार महाग पडला आहे.

१७३३ मध्ये द्यू फे या फ्रेंच संशोधकाने दाखविले की, घर्षणाने उत्पन्न होणारी वीज दोन जातींची असते. सजातीय विद्युतभार एकमेकांस दूर लोटतात, विजातीय जवळ ओढतात. १७८५ मध्ये कूलोंने या बळाचे माप काढले : अंतर निम्मे केले की बळ चौपट. पण हात न लावता हे ढकलणे घडते कसे? याचा उलगडा पुढील शतकात, फॅरडेने मांडलेल्या व मॅक्सवेलने गणितात बसविलेल्या विचाराने झाला. प्रत्येक भाराभोवती त्याचे क्षेत्र पसरलेले असते व त्यात ऊर्जा साठलेली असते. सजातीय भार जवळ आणले की ही साठवण वाढते, विजातीय जवळ आले की घटते. पाणी जसे उताराकडे धावते, तसे भारही ऊर्जा घटेल त्या दिशेने सरकतात.

आता गिरणीकडे वळू. कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये काढलेल्या कंपनीची ताडदेवची गिरणी १८५६ मध्ये सुरू झाली. सूत काढताना कापसाचे तंतू यंत्राच्या रुळांतून घासत जातात व त्यांच्यावर एकाच जातीचा भार येतो. मग ते एकमेकांपासून फिसकटतात, रुळांना चिकटतात आणि धागा तुटतो. हवा दमट असली की तंतू पाणी शोषतात व भार ओसरून जातो. शिवाय ओलसर सूत अधिक बळकट असते. मुंबईच्या खाऱ्या वाऱ्याने हे काम पुष्कळसे फुकट केले. जेथे तेवढ्याने भागेना, तेथे खात्यात वाफ आणि पाण्याचे फवारे सोडण्यात आले.

धागा टिकला, माणूस मात्र उकडून निघाला. संघटनेच्या कामात जुन्या कामगारांकडून आम्ही ऐकले आहे की, त्या कुंद हवेत दम लागे आणि अंगावरचा सदरा पाळीभर ओलाच राही.

१९४८ च्या कारखाना कायद्याच्या १५ व्या कलमाने या कृत्रिम दमटपणावर नियम करण्याचा अधिकार सरकारला दिला. हवेतील दमटपणा मोजून नोंदविणे, वारा खेळता ठेवणे हे त्यात आले. फवाऱ्याचे पाणी पिण्याच्या पाणीपुरवठ्यातले किंवा शुद्ध केलेलेच असावे, असेही बंधन आले.

सजातीय भार एकमेकांस लोटतात, हा निसर्गाचा कायदा. त्यात तडजोड नाही. परंतु त्यावरचा उपाय कोणाच्या छातीवर करावयाचा, हे निसर्गाने ठरविले नव्हते. ते माणसांनी ठरविले, म्हणूनच ते बदलता आले. श्रोतेहो, कष्टकऱ्याने विज्ञान शिकावे ते यासाठी. ‘हे असेच चालायचे’ असे कोणी सांगितले, तर त्यात निसर्गाचे किती आणि मालकाचे किती, हे त्याला निवडता यावे.